आपोआप उगवलेला तरवड

पंचनाम्यात चांगुणाबाईच्या दोन एकरांना एकच ओळ मिळाली होती. ‘जागेवर तरवडाची झुडपे आपोआप उगवलेली असून जागा पडीक आहे.’ खाली तलाठ्याची सही. पंच म्हणून सरपंच बन्सीधर आणि त्याच्या चुलतभावाची.

सुगतनं ती ओळ आईला दोनदा वाचून दाखवली. तो पूर्ण्याला रेल्वेच्या ठेकेदाराकडं कामाला होता. नोटीस आली म्हणून सुट्टी टाकून गावी आला होता.

“आपोआप म्हंजी?” चांगुणाबाईनं विचारलं.

“कुणी न लावता.”

तिच्या पुढ्यात सूप होतं. सुपात तरवडाची पिवळी फुलं. एकेक फूल उचलून ती देठ खुडत होती. हात थांबला नाही. फक्त आता देठ जरा जोरात तुटू लागले.

“अन् तवा मी कुठं होते म्हनं?”

“गैरहजर, असं लिवलंय.”

“बाजाराच्या दिवशी मी बोरीत बसते, हे आख्ख्या गावाला ठाऊक हाय. नेमका तोच दिवस बरा सापडला ह्यांला.”

गाव बोरीपासून पाच किलोमीटर आत. गावाला लागून गायरान, म्हणजे सरकारी कुरणाची जमीन. त्यातले कडेचे दोन एकर चांगुणाबाई कसत होती. जमीन तिच्या नावावर नव्हती. नव्वद सालाच्या आधीपासून कसत असल्याचं दाखवलं आणि अजूनही कसत असल्याचं दिसलं, तर ती नावावर होऊ शकत होती. तसा अर्ज तिच्या नवऱ्यानं, दत्तरावनं, मरायच्या आधीच केला होता. तो तहसीलच्या कुठल्या तरी कपाटात होता. आता गायरानावर सोलरच्या प्लेटा बसणार होत्या. कंपनीला मोकळी, पडीक जमीन हवी होती. खांबांचे खड्डे खांदायचं काम बन्सीधरच्या पुतण्याला मिळणार, हे कंपनीचा माणूस गावात यायच्या आधी गावाला कळलं होतं.

“आई,” सुगत म्हणाला, “दुसरं कायतरी लावाया पायजे होतं. हरभरा म्हन, तूर म्हन. कागदावर लिवता येईल असं.”

“हरभरा लावला असता तर कुणी खाल्ला असता, ते तुज्या बापाला इचारून ठिवायला पायजे होतंस.”

सुगतनं कागदाची घडी घातली. गोष्ट त्याला माहीत होती. गावालाही माहीत होती. फक्त गाव ती सांगत नव्हतं.

शहाऐंशी साली दत्तराव आणि चांगुणा त्या माळावर पहिल्यांदा उतरले. ती बावीस वर्षांची. नवं लग्न. दगड इतके की पहिल्या उन्हाळ्यात दोघांनी फक्त दगडच वेचले आणि खालच्या बाजूला ताल, म्हणजे दगडांचा बांध, घातली. पावसाळ्यात ज्वारी पेरली. ती चांगली आली. हुरड्याला आली, आणि एका सकाळी पाहतात तर सगळं रान तुडवलेलं. वीसेक गुरं आत. ताटावर ताट राहिलं नव्हतं. दत्तराव गावात गेला. गाव म्हणालं, गायरान हे गुरांचंच, गुरं जाणार. कुणाची गुरं, हे कुणी सांगेना. शिंगांना मारलेला रंग ओळखून दत्तरावनं दोन घरांची नावं घेतली, तर त्या घरांनी महिनाभर त्याला कामावर बोलावलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी राखण केली. दत्तराव मचाणावर झोपला. पण राखणारा माणूस एक आणि चारी बाजू उघड्या. तीही ज्वारी गेली.

त्या साली दिवाळीच्या सुमारास चांगुणा उजाड रानात उभी होती. ज्वारीचं बूडसुद्धा उरलं नव्हतं. आणि त्याच रानात, बांधाच्या कडेला, तरवडाचं एक झुडूप फुललेलं होतं. कमरेएवढं. पिवळंजर्द. भोवती खुरांचा चिखल झाला होता, पण त्याच्या एका पानाला तोंड लागलेलं नव्हतं. गाय तरवड खात नाही. शेळीही हुंगून पुढं जाते. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण त्या दिवशी ती त्या झुडपाकडं लय वेळ बघत राहिली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, “तरवड पेरायचा.”

दत्तराव हसला नाही. गाव हसलं.

चपट्या तपकिरी शेंगा वाळल्या की आतलं बी खुळखुळतं. तिनं माळामाळानं फिरून, ओढ्याकाठानं फिरून दोन पायल्या बी जमवलं. आधी तिनं चिमूटभर अंगणात पेरून पाहिलं, तर महिना गेला तरी उगवेना. बी टणक, पाणी आत जात नव्हतं. मग तिनं ते वाळूत घालून पाट्यावर रगडलं, रातभर कोमट पाण्यात ठेवलं. आठव्या दिवशी अंकुर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कृषी खात्याचा माणूस त्या रानाकडं कधी फिरकला नव्हता.

मृग बरसल्यावर दत्तरावनं भाड्याची बैलजोडी आणि तीन फणांची तिफण आणली. चांगुणानं मागून चाड्यावर मूठ धरली, म्हणजे तिफणीच्या लाकडी वाटीत बी सोडत चालली. उताराला आडव्या ओळी काढल्या. तीन तीनच्या. बांधावर पोरं उभी राहून टाळ्या पिटत होती.

“दत्तराव जंगल पेरायलाय रे.”

त्या पोरांत चौदा वर्षांचा बन्सीधर होता.

पहिल्या वर्षी रोपं गुडघ्याएवढी झाली. दुसऱ्या वर्षी भादव्यात फुलं आली आणि गुरं ओळींच्या मधून चालत निघून गेली. चैत्रात तिनं झुडपं वीतभर ठेवून छाटली, ती पावसाळ्यात चौपट फुटली. छाटलेल्या काड्या दातवणाला बाजारात जाऊ लागल्या. पाला ओळींच्या मधे पसरून ठेवला. पाय मुरगळलेला माणूस आला की पाला वाफवून बांधायला द्यायची, त्याचं कधी काही घेतलं नाही. परभणीहून एक जण सालीसाठी आला. चामडं कमवायला तरवडाची साल लागते. पैसेही बरे देत होता. दत्तरावनं त्याला पाणी पाजलं आणि परत पाठवलं. बौद्ध झाल्यावर चामड्याशी नातं संपलं, ते पुन्हा जोडायचं नाही, असं त्याच्या बापानं सांगून ठेवलं होतं. चांगुणाला वाटलं, साल काय अन् फूल काय. पण ती बोलली नाही. फुलांवरच घर चालवायचं ठरलं.

फुलं सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर रंग उडतो आणि औषधवाला घेत नाही. पाटीभर ओली फुलं वाळून ओंजळभर होतात. साखरेच्या आजाराची माणसं त्याचा काढा पितात, बाया पीठ करून अंगाला लावतात. आणि घट बसले की ओली फुलं. मराठवाड्यात कितीतरी घरांत घटावर रोज तरवडाच्या फुलांची माळ चढते. ह्या गावातही चढत होती. आणि एकोणनव्वद सालापासून गावातल्या निम्म्या घरांतली फुलं चांगुणाच्या रानातून जात होती.

सगळ्यात आधी आली ती पार्वतीबाई, बन्सीधरची आई. त्या घरात एक रीत होती. पहिल्या माळेचं फूल माळावरचं, फुकटचं चालत नसे. ज्यानं झाड लावलं त्याच्या रानात घरच्या बाईनं जायचं, लावणाऱ्याच्या ओटीत पसाभर ज्वारी घालायची आणि मग फूल घ्यायचं. आधी ते घर कुठल्या तरी मळ्यातली झेंडूची फुलं आणायचं. तरवड लावलेला सापडला म्हणून पार्वतीबाईला आनंद झाला होता. तिनं ज्वारी आणली, चांगुणाच्या पसरलेल्या पदरात वरून टाकली, हात लागू न देता. बाकीच्या आठ माळांची फुलं चांगुणानं घरी पोचवायची, त्यांचे पैसे मिळायचे. ती पोचवायची. फुलं आत जायची आणि ती ओट्याच्या पायरीशी उभी राहायची. ती स्वतः घट बसवत नव्हती, कुठल्याच देवीला हात जोडत नव्हती. पण कुठल्या घरात कुठल्या वेळेला माळ चढते, हे तिला पाठ होतं.

पस्तीस वर्षं असं चाललं. दत्तराव गेला. झुडूप म्हातारं झालं की त्याच ओळीत, त्याच जागी ती नवं बी लावी. ज्वारी आता वरून टाकत नव्हते, हातात देत होते. पायरी मात्र तीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याची नक्कल घेऊन ती त्याच पायरीपाशी गेली. बन्सीधर ओट्यावर खुर्ची टाकून फोन बघत बसला होता.

“सरपंच, ही सही तुमचीच का?”

“माजीच. कामून?”

“वाचून केली का न वाचता?”

बन्सीधर हसला. “चांगुणाबाई, तलाठी कागद पुढं करतो, आमी सही करतो. सरपंचाला दिवसाला पन्नास सह्या असत्यात. अन् त्यात खोटं काय हाय? तरवड कुणी पेरतं व्हय? माळ म्हणलं की येतोच की.”

“तुमी बांधावर उभं राहून टाळ्या वाजवत होता. चड्डीची नाडी हातात होती तुमच्या. मला याद हाय.”

ओट्यावर बसलेला एक जण खाकरला. बन्सीधरनं फोन उलटा ठेवला.

“ल्हानपनीचं काय घेऊन बसलाव.”

“मंग मोठेपनीचं सांगते. आपोआप उगवलेल्या फुलांचे तुमच्या घरानं पस्तीस वरीस पैसे कामून दिले?”

“तोडायची मजुरी दिली. तुमी तोडून आनून द्यायच्या, तेचे दिले. फुलाचे कुठं दिले?”

तिला वाटलं, ह्यानं हे आत्ता सुचून म्हटलं नाही. हे त्याच्या मनात आधीपासून तसंच असणार. तिची दोन पायल्या बी, पाट्यावर सोलपटलेली बोटं, चैत्रातली छाटणी, ओळीत ओळ राखणं, सगळ्याची ह्याच्या लेखी तोडणावळ झाली होती. ती तिथून निघाली. ओट्याच्या आत, दाराआड, पार्वतीबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

जिंतूरला तहसीलदारापुढं सुनावणी झाली. साहेब वाईट नव्हता. घाईत होता. त्यानं जुनी नोंदवही काढायला लावली. कारकुनानं वाचलं. शहाऐंशी, ज्वारी. सत्त्याऐंशी, ज्वारी. अठ्ठ्याऐंशीपासून पुढं, पडीक.

“म्हणजे तुम्ही दोन वर्षं कसली आणि सोडून दिली,” साहेब म्हणाला.

सुगतनं आईचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला.

“साहेब, वहीत लिवलेली ज्वारी आमच्या घरात आलीच न्हाई. गावाच्या गुरांनी खाल्ली. अन् जे घरात आलं, ते वहीत न्हाई.”

“तरवड हे पीक नाही ना बाई. तलाठी काय लिहिणार?”

“पेरलं जातंय. राखलं जातंय. तोडलं जातंय, इकलं जातंय. पीक म्हंजी अजून काय असतंय साहेब?”

साहेबानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. मग पंचनामा उलटून म्हणाला, “हे लिहिताना तलाठी शेतात उतरला होता का?”

“रोडावरनं फोटो काढला, म्हनत्यात.”

त्यानं फेरपाहणी लावली. मंडळ अधिकारी जाईल, जागेवरच्या गावकऱ्यांतून दोन पंच घेईल, लिहील ते अखेरचं धरू. तारीख पडली ती नेमकी घट बसायच्या दिवसाची. कारकुनाच्या ते लक्षात आलं नसावं.

मंडळ अधिकारी म्हणून राजेश्री मॅडम आल्या. तिशीतल्या. पायात बूट. रस्त्यावर जीप थांबवली आणि सरळ तालीवरून उडी मारून रानात उतरल्या. पस्तीस वर्षांत तिथं उतरलेलं ते पहिलं सरकारी माणूस. मागून बन्सीधर आणि गावातले सात-आठ जण आले. बांधावर सकाळीच फुलांसाठी आलेल्या बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांत पार्वतीबाई होती. तिच्या पदराच्या गाठीला ज्वारी होती.

झुडपं छातीएवढी होती, भरून फुललेली. मॅडम एका टोकाला जाऊन वाकल्या आणि डोळा बारीक करून बघितलं.

“ह्या ओळी आहेत.”

“तिफणीच्या,” चांगुणाबाई म्हणाली. “तीन मोजा. मंग सोडलेली जागा. मंग पुन्हा तीन.”

मॅडमनी टेप काढला. पहिल्या तिन्हीत मोजलं, मग मधल्या तिन्हीत, मग पार खालच्या तिन्हीत. तेच अंतर आलं. त्यांनी वहीत लिहिलं.

“पान्याच्या धारंनं बी वाहून येतंय मॅडम,” बन्सीधर म्हणाला. “धार सरळ असती. तेच्यानं ओळ दिसती.”

“पाणी कुठून कुठं वाहतं इथं?”

“वरून खाली.”

“आणि ओळी?”

ओळी आडव्या होत्या. पोराटोरालाही दिसत होतं.

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “पंच कोण होतंय?”

पुरुष एकमेकांकडं बघू लागले. एकाला पाणी सोडायचं आठवलं. एक म्हणाला, चष्मा घरी राहिला. बौद्ध वस्तीतले दोघं पुढं झाले, तर बन्सीधर म्हणाला, “ते त्यांचेच हायत मॅडम. त्रयस्थ पायजे ना?” मॅडमनी मान हलवली. त्रयस्थच पाहिजे होते. त्रयस्थ सगळे बन्सीधरच्या तोंडाकडं बघत होते.

तेवढ्यात पार्वतीबाई बांधावरून खाली उतरली. चांगुणाबाईपाशी आली आणि पदराची गाठ सोडू लागली. उशीर व्हायला लागला होता, घट मांडायचा होता.

चांगुणाबाईनं पदर पसरला नाही.

“आज कामून ज्वारी? सरपंच म्हनले तरवड आपोआप उगवलाय. माळावरचंच फूल हे. ओटी कुणाची भरायलाव तुमी?”

पार्वतीबाईचा हात गाठीवरच थांबला. तिनं पोराकडं पाहिलं.

“काय म्हनलास तू?”

“माय, तू घरी जा. हे कागदाचं काम हाय.”

“माळावरचं फूल पहिल्या माळेला चालत न्हाई आपल्यात. ठाऊक हाय ना तुला?”

“ठाऊक हाय.”

“मंग मी पस्तीस वरीस घटाला काय घातलं?”

“माय, झेंडू आनून देतो मी बोरीहून. जा तू.”

“आजचं सोड. मागच्याचं सांग. फुकटचं घातलं का मी? सांग इथं, समद्यांपुढं.”

बन्सीधरनं मान फिरवली. एक बाई दुसरीच्या कानात काही म्हणाली आणि दोघी पदराआड हसल्या. गावाच्या सरपंचाला आईला उत्तर देता येईना. हो म्हणावं तर घरातले पस्तीस घट बाटतात. नाही म्हणावं तर कागद खोटा पडतो.

पार्वतीबाई मॅडमकडं वळली. “लिवा बाई. ह्या बाईनं लावलेला हाय. माज्या डोळ्यादेखत. मला सही येती.”

मॅडमनी लिहिलेलं वाचून दाखवलं. पार्वतीबाईनं एकेक अक्षर जोडत सही केली. तिच्या पाठोपाठ तिची धाकटी जाऊ तानुबाई आली आणि तिनंही केली. बन्सीधर म्हणाला, “माय, तुला कळायलंय का तू काय करायलीस?” पार्वतीबाई म्हणाली, “घट बसवायलेय.”

मग तिनं ज्वारी चांगुणाबाईपुढं धरली. चांगुणाबाईनं आता पदर पसरला. ज्वारी घेतली, फुलं तोडून दिली. आभार मानले नाहीत. पार्वतीबाईनं सही देवीसाठी केली होती. देवीचा प्रश्न नसता तर ती बांधावरच उभी राहिली असती, जशी पायरीच्या आत पस्तीस वर्षं उभी होती. दोघींनाही हे माहीत होतं.

“झालं,” मॅडम म्हणाल्या. “तरवड, लागवड केलेला, वहितीखाली. हा कागद अर्जाला जोडला जाईल. प्लेटांच्या नकाशातून ही जागा बाहेर काढायची शिफारस मी करते.”

सुगतनं मोठा श्वास सोडला. चांगुणाबाई जागची हलली नाही.

“मॅडम, एक ओळ राहिली.”

“कुठली?”

“तरवड कामून लावला ती. आदी ज्वारी होती. दोन साल. गावानं गुरं घालून खाल्ली. ते लिवा.”

“हा जागेचा पंचनामा आहे, आजी. आज जागेवर दिसतं तेवढंच लिहिता येतं.”

“हेच की दिसतंय. गुरांनी तोंड लावू नये म्हनून लावलेलं रान हाय हे. ज्वारी टिकली असती तर मी कशाला फुलं इकत बसले असते? माजी दोन एकर ज्वारी झाली असती अडतीस वरीस.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. “ते ह्या नमुन्यात बसत नाही. खरंच बसत नाही. त्यासाठी वेगळी तक्रार करावी लागते. आणि इतक्या वर्षांनी...”

“कुनावर करायची तक्रार?”

“ज्यांनी गुरं घातली त्यांच्यावर. नावं लागतात.”

जमलेल्या माणसांत हालचाल झाली. ज्याला पाणी सोडायचं होतं तो खरंच निघाला. बन्सीधरनं गाडीची किल्ली खिशातून काढली.

“नावं हायत,” चांगुणाबाई त्या किल्लीकडं बघत म्हणाली. “एक घर तर इथंच उभं हाय. सुगत, कागद काढ. मी सांगते, तू लिव.”

“आई, आपलं काम झालंय. जमीन राहिली. आता कशाला?”

“कागद काढ म्हनलं ना.”

सुगतनं पिशवीतून वही काढली आणि तालीच्या दगडावर बसला. चांगुणाबाई त्याच्यापाशी उभी राहिली. तिनं आधी साल सांगितलं. मग महिना. मग गुरं किती, आणि शिंगांना रंग कोणता होता.